दोन सप्ताहांचं गाव आणि नवी नायब तहसीलदार

पत्र:
सर, मराठवाड्यातल्या एका तालुक्यात नायब तहसीलदार म्हणून माझी ही पहिलीच नेमणूक. आठ महिने झाले. माझ्याकडच्या एका गावात २०२४ च्या लोकसभेपासून मराठा आणि ओबीसी असे दोन तट पडले आहेत. एकमेकांच्या किराणा दुकानात जात नाहीत. कटिंगला तालुक्याला येतील, पण गावातल्या ‘त्यांच्या’ खुर्चीत बसणार नाहीत. चाळीस वर्षं चाललेला हरिनाम सप्ताह यंदा दोन झाला. मी गावात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न असतो, मॅडम, पूर्ण नाव काय? माझं आडनाव तीन-चार समाजांत सापडतं, त्यामुळे दोन्हीकडचे आपापला अंदाज बांधतात. मागच्या महिन्यात अतिवृष्टी अनुदानाची यादी लागली, तर लोकांनी आडनावं मोजली. कुणबी नोंदींचे अर्ज वेगळेच. वरून सांगतात, शांतता बैठक घ्या आणि फोटो ग्रुपवर टाका. माझा धाकटा भाऊ आंदोलनात आहे. तो म्हणतो, खुर्चीवर बसलीस ती कुणासाठी? या गावात मी नेमकं करायचं काय? आणि दोन्ही सप्ताहांची निमंत्रणं आली आहेत. जाऊ का?
– एक नायब तहसीलदार

उत्तर:
मॅडम,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, की भाऊ कुठल्या आंदोलनात आहे हे तुम्ही लिहिलेलंच नाही. म्हणजे निम्मं काम तुम्हाला आधीच जमतंय. मीही विचारत नाही.

आडनावापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्याच पोटातून येतं. ‘पूर्ण नाव काय’ हा आपल्याकडे नुसता प्रश्न नसतो, तो उभ्या उभ्या केलेला पंचनामा असतो. बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत पोलिसांच्या नावपाट्यांवरून आडनावं काढली आणि नुसती पहिली नावं ठेवली. एका खात्याला एवढं करावंसं वाटलं, यावरून हवा कशी होती ते कळतं. मला ती कल्पना आवडली. पण पाटीवरून गेलेलं आडनाव टपरीवर चहा उकळेपर्यंत सापडतं, हेही खरं. तुमचंही सापडेल, किंवा सापडलं असेल. तेव्हा लपवू नका आणि समजावूनही सांगू नका. नाव पूर्ण सांगायचं आणि त्याच दमात विचारायचं, ‘बरं, तुमचं काम काय होतं?’ एक वाक्य मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका: ‘मी तसली नाही हो.’ हे ऐकून एकाला हायसं वाटतं, दुसरा दुखावतो, आणि तिसरा ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर पोचवतो.

आता यादी. अशी यादी लागताना मी अनेकदा उभा राहिलो आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डिंकाने चिकटवलेले कागद, एक कोपरा वाऱ्याने फडफडतोय. पुढे चष्मेवाला गृहस्थ बोट फिरवत आडनावं वाचतोय आणि मागे एकजण तंबाखूच्या पुडीच्या कागदावर रेघा ओढतोय. चार उभ्या, पाचवी आडवी. एका बाजूला आपल्या, एका बाजूला त्यांच्या. स्वतःचं नाव यादीत आहे का, हे शोधायचं त्याला नंतर सुचतं.

त्या यादीत नाव कसं येतं आणि कसं गळतं, हे तुम्हाला पाठ आहे. गावाला नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मिळून पंचनामा करतात, पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावं लागतं, इथवर लोकांना ठाऊक असतं. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, हे मला कळलंय. गावाला कळेल तेव्हा मीही म्हणेन.) पुढचं कुणी सांगत नाही. कुणाची ई-केवायसी झालेली नसते, कुणाचं आधार बँकेच्या खात्याला जोडलेलं नसतं, सामाईक खात्यात एका भावाची संमती नसते, कुणाचा बाप वारला आणि वारसाचा फेरफार झालाच नाही. प्रत्येक गळतीला साधं कागदी कारण असतं. पण कारण भिंतीवर नसतं, तिथे फक्त नावं असतात. मग कारण गाव पुरवतं: मॅडमने कापलं.

म्हणून पुढच्या वेळी पात्र यादीच्या शेजारी न आलेल्यांचीही यादी लावा आणि प्रत्येक नावापुढे शेरा लिहा. ‘कागदपत्र अपूर्ण’ असला मोघम शेरा नको. ‘सामाईक खातेदाराचं संमतीपत्र नाही’ असं, त्या माणसाला उद्या काय आणायचं ते कळेल असं. आणि ते दुरुस्त करायला तलाठी चावडीवर कुठल्या वारी, किती ते किती बसणार, ते खाली ठळक. पहिल्या दिवशी शिव्याच पडतील. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात येईल, की गळालेल्यांत दोन्हीकडची माणसं आहेत आणि दोघांचीही केवायसीच राहिलीय. हे तुम्ही सांगू नका. त्यांचं त्यांना दिसू दे. तंबाखूच्या पुडीवरच्या रेघा घेऊन कुणी ऑफिसात आलाच, तर त्याला उलट रेघा दाखवू नका. ‘तुमचे अमुक, त्यांचे तमुक’ असा हिशोब शासकीय तोंडातून एकदा निघाला, की पुढची प्रत्येक यादी त्याच तराजूत पडते.

माझं स्वतःचं एक प्रकरण सांगतो. नव्वदच्या दशकातलं, लातूरच्या भूकंपानंतरच्या वर्षांतलं, जिल्हा वेगळा. मी तहसीलदार होतो. शेतरस्त्याचा वाद, जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खालचा. आत जमीन असलेल्या माणसाला बैलगाडी न्यायला बांधावरून वाट हवी होती. बांधाचा मालक म्हणायचा, इथून कधीच वाट नव्हती. दोन माणसांचं भांडण. पण दोघांच्या जाती वेगळ्या. वर्षभरात ते दोन आळ्यांचं भांडण झालं आणि निवडणूक आल्यावर दोन पक्षांचं. मी स्थळपाहणीला गेलो तेव्हा मे महिन्याचं ऊन. एका बाजूने माझ्यासाठी लिंबाखाली खुर्ची टाकून ठेवलेली, शेजारी थर्मास, वर कुणाची तरी छत्री. दुसरी बाजू पलीकडच्या बांधावर उन्हात उभी. मी दमलो होतो. खुर्चीत बसलो.

त्या बांधावरून एक म्हातारा अगदी हळू म्हणाला, ‘निकाल बसला की खुर्चीत.’

मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. चहाही घेतला. परत येताना जीपमध्ये कळलं, की आता मी काहीही निकाल दिला तरी तो त्या खुर्चीचाच निकाल असणार. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. जीप गावाबाहेर ठेवली, पाण्याची बाटली स्वतःची घेतली, दोन्ही शेतांचे चारही बांध पायी फिरलो आणि सगळ्यांदेखत मोजमाप घेतलं. मग निकाल दिला. रस्ता पूर्वेच्या बांधावरून. कारणं सविस्तर लिहिली, आणि शेवटी अपील कुठे आणि किती दिवसांत करता येईल तेही. हरलेला अपिलात गेला. प्रांतसाहेबांनी माझा निकाल फिरवला आणि रस्ता उत्तरेच्या बांधावरून दिला.

तरुणपणी असं काही झालं की अपमान वाटतो. मलाही वाटला. पण गावात काय झालं सांगतो. आधी हरलेल्याला अर्धं मिळालं. जिंकलेल्याला रस्ता तर मिळालाच, थोडा लांबून. आणि दोन्ही आळ्यांना एक गोष्ट दिसली, की तहसीलदाराच्या वरही दार आहे आणि ते उघडतं. त्या पावसाळ्यात पेरणी झाली. पुढच्या वर्षी नेते दुसऱ्या गावात गेले. तुमच्या निकालावर कुणी अपिलात गेलं तर वाईट वाटून घेऊ नका. अपिलात गेलेला माणूस रस्त्यावर उतरलेला नसतो. म्हणून निकालाची नक्कल मागितली की त्याच दिवशी द्या. ‘उद्या या’ म्हटलं, की तो उद्या एकटा येत नाही, ट्रॅक्टर भरून येतो.

तुमच्या गावातही आत असं काहीतरी आहेच, पैज लावतो. लोकसभेच्या निकालाने तट पडले हे खरं, पण निवडणूक ज्या जागी फुटते तिथे आधीची भेग असते. एखादा पाणंद रस्ता, पाझर तलावाचं पाणी, गायरानावरचं अतिक्रमण, स्मशानभूमीची वाट, पुतळ्याची किंवा कमानीची जागा. गेल्या दहा वर्षांतल्या त्या गावच्या महसूल प्रकरणांचा गठ्ठा काढा आणि एक दुपार घालवा. प्रलंबित काय आहे आणि कुणाचं आहे ते पाहा. पाच-सहा वर्षं नुसत्या तारखा पडलेली दोन प्रकरणं जरी निकाली निघाली, तरी ते दहा शांतता बैठकांच्या बरोबरीचं आहे. हे काम तुमच्या हद्दीतलं आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

हद्दीचं निघालंच आहे तर किराण्याचंही बोलतो. कुणी कुणाच्या दुकानात जावं हे तुम्ही ठरवू शकत नाही, आणि त्यासाठी तुमच्या हातात कायदाही नीटसा नाही. आपला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे. पण तो मुख्यतः जातपंचायतींनी आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याच्या प्रथेसाठी केलेला. तुमच्या गावातली अढी त्याच्या साच्यात सहज बसत नाही. ‘त्यांच्या दुकानात गेलास तर दंड’ असं कुणी ठरवलं असेल, धमकावत असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर चिथावत असेल, तर तो पोलिसांचा विषय आहे. ठाणेदारांना त्याच दिवशी लेखी कळवा. बाकी किराणा सोडा. रेशन दुकान मात्र तुमचं आहे. पाण्याचा टँकर, निराधारांचं अनुदान, स्मशानाची वाट, हे सगळं तुमच्या खात्याच्या नजरेतलं आहे. अंगणवाडी आणि शाळा तुमच्या खात्याच्या नाहीत, पण तिथे दोन पंगती पडताहेत का हे पाहायला कुणी तुम्हाला अडवणार नाही. रेशनचा काटा सगळ्यांना सारखा आहे का, थंब लागला नाही म्हणून परत पाठवलेली म्हातारी कुठल्या आळीची होती, हे बघायला महिन्यातून एकदा न सांगता जा.

आणखी एक. दोन मोठे तट भांडतात तेव्हा तिसरी वस्ती दिसेनाशी होते. तुमच्या पत्रात दलित वस्तीचा उल्लेख नाही. ती नाही असं नसणार. मजुरीला कुणाच्या शेतात गेलं तर कोण रागावतं, हा प्रश्न तिथे रोजचा असेल. तिथे मात्र कायदा स्पष्ट आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पुढच्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा थेट गुन्हा केलेला आहे. पुढच्या फेरीत त्या बाजूने गावात शिरा.

शांतता बैठकीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गणपती, ईद, जयंती आली की पोलीस ठाण्याच्या आवारात सतरंजी, तेच दहा चेहरे, तेच भाषण: आपला तालुका शांतताप्रिय आहे. मग फोटो. त्यातले चार जण एरवी आग लावतात, आणि पाणीही तेच मारू शकतात म्हणून त्यांना बोलावलं जातं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यांनाही. अशा बैठकीने त्यांचं वजन वाढतं आणि तुमचं कमी होतं. वरून आदेश आहे तर घ्या, फोटोही टाका, त्यात भांडण्यासारखं काही नाही. पण तेच काम झालं असं समजू नका.

बैठक म्हणजे काय असू शकते, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. भिवंडी. १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे दंगल पेटली, ती इतकी भयानक, की न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. १९८४ मध्ये पुन्हा तेच. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. कमिटीत पुढाऱ्यांची भरती न करता गल्लीतली साधी माणसं घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. आणि त्या गल्लीशी रोजचा संबंध असलेला साधा पोलीस त्यांच्याबरोबर जोडून दिला. बसायचं ते शांततेच्या काळात, दंगलीची चाहूल लागल्यावर नव्हे. बोलायचं ते नळावरून, गटारावरून, पोरांच्या मारामारीवरून. आपल्याकडे असल्या गोष्टींना अधिकारी ‘किरकोळ’ म्हणतात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे तिथे ९०० माणसं गेली. मुंबईपासून तास-दीड तासावरची भिवंडी, जिच्याबद्दल सगळ्यांना धास्ती होती, शांत राहिली. पुढे मुंबईतही जुलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि सतीश साहनी यांनी मोहल्ला कमिट्यांचं काम उभं केलं.

भिवंडीचं शहाणपण तुमच्या गावात जसंच्या तसं उचलता येणार नाही. तिथे पोलीस होते, माणसं हजारोंनी होती, भांडण धर्माचं होतं. पण कुणाला बसवायचं, एवढं त्यातून घ्या. तुमच्या गावात अजूनही दोन्ही आळ्यांत जाणारी माणसं आहेत. आशाताई जाते, कारण ताप जात बघत नाही. अंगणवाडीच्या बाई, एसटीचा कंडक्टर, दूध संकलनवाला, डीपी जळाला की दोन्हीकडचे ज्याला फोन करतात तो वायरमन. पोलीस पाटील आणि कोतवाल हे आपले नेहमीचे कान, पण फुटलेल्या गावात त्या कानांनाही आळी असते. या बाकीच्यांशी बोला. समिती वगैरे नाव देऊ नका. नाव दिलं की अध्यक्ष लागतो, अध्यक्ष म्हटला की आडनाव. २००७ च्या १५ ऑगस्टला आर. आर. पाटील यांनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. कल्पना उत्तम होती आणि काही गावांत तिने खरंच काम केलं. पण मी पाहिलेल्या काही गावांत बक्षीस दिसायला लागलं आणि मिटलेल्या तंट्यांची रजिस्टरं फुगायला लागली. नवरा-बायकोचा अबोलासुद्धा तंटा म्हणून नोंदवून मिटवलेला मी वाचलाय. बायकोची सही नव्हती.

तुम्ही कार्यकारी दंडाधिकारीही आहात. कधीतरी ठाण्यातून चॅप्टर केसेसचे, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याचे, प्रस्ताव येतील. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६. त्यात एक जुनी सवय दिसेल: इकडचे सात, तिकडचे सात. समतोल दिसावा म्हणून केलेला भरणा. सातवा पुष्कळदा भांडणाच्या दिवशी मुलीकडे पुण्याला गेलेला असतो. अशी नोटीस त्याच्या हातात पडली, की तोवर बाहेर असलेला माणूस तटात जाऊन बसतो. प्रत्येक नावापुढे त्याने काय केलं, कधी केलं, हे विचारा. नसेल तर नोटीस काढू नका, मग एका बाजूचे नऊ आणि दुसरीचे दोन झाले तरी चालतील. ओरड होईल. पण नऊ का आणि दोन का, हे तुम्हाला कागदावर दाखवता येईल, आणि सात-सात का, हे कधीच दाखवता येत नाही.

कुणबी नोंदींचं तुम्ही एका ओळीत उरकलं आहे, पण मला वाटतं झोप त्यानेच उडत असणार. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्याच महिन्यात कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून आपल्या तहसिलीतले लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, जे उंदरांशिवाय कुणी उघडत नव्हतं, ते राज्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आले. खासरा पत्रक, कोतवाल बुक, मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार. मग निजामकाळातल्या नोंदींच्या आधारे कुणबी दाखले देण्याबाबतचा २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय, आणि गावपातळीवर चौकशीला तेच तिघे: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहाय्यक कृषी अधिकारी (म्हणजे आपला कृषी सहाय्यक). म्हणजे राज्याला न सुटलेला प्रश्न शेवटी गावातल्या तीन माणसांच्या टेबलावर. त्या तिघांनाही आडनावं आहेत.

आरक्षण कुणाला असावं, यावर तुमचं मत असेल. माझंही आहे. ते घरी ठेवा, आणि घरीही फार काढू नका. जातीच्या दाखल्यावर सही प्रांताधिकाऱ्यांची असते, तुमच्याकडून जातो तो कागद. तिथे एका बाजूला वाटतं अर्ज मुद्दाम अडवलेत आणि दुसरीला वाटतं खिरापत चाललीय. दोघांनाही तुमच्या बोलण्याने पटणार नाही. आलेला अर्ज आवक क्रमांकानेच पुढे जाऊ द्या, आमदारांच्या चिठ्ठीने नाही आणि मोर्च्याच्या भीतीनेही नाही. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचं प्रतिज्ञापत्र असेल तर आहे लिहा, नसेल तर नाही लिहा. जुन्या नोंदीत अक्षर लागत नसेल तर ‘अक्षर लागत नाही’ असंच लिहा, अंदाजाने पूर्ण करू नका. आणि नोंद वाचताना अर्जदार समोर असू द्या. आपल्या पणजोबाचं नाव मोडीत बघून माणसं गप्प होतात. मी पाहिलंय. नोंद सापडली नाही म्हणून भांडायला आलेला एक गृहस्थ रुमालातलं त्याच्या गावचं पान बघून म्हणाला, ‘एवढीच माणसं होती व्हय तवा गावात.’ अर्ज मंजूर झाला नाही, पण तो चहा पिऊन गेला. आपल्या कार्यालयाचा चहा, बरं का.

वरिष्ठ तोंडी काही सांगतील. ‘त्या गावचं जरा सांभाळून घ्या’ या वाक्याचा अर्थ बोलणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतो. अशा वेळी नकार देऊ नका आणि होकारही देऊ नका. त्याच संध्याकाळी टिपणी लिहा: ‘आज दूरध्वनीवर दिलेल्या सूचनांनुसार अमुक प्रकरणी काय कार्यवाही अपेक्षित आहे, याबाबत कृपया मार्गदर्शन व्हावे.’ बहुतेक वेळा मार्गदर्शन येत नाही, आणि सूचनाही पुन्हा येत नाही. माझ्या एका वरिष्ठांनी अशा टिपणीवर मला आठ महिने बोलणं टाकलं होतं. आठ महिने शांततेत गेले.

भावाचं काय. तो सज्ञान आहे, त्याचं आंदोलन त्याचं. १९७९ चे वर्तणूक नियम तुम्हाला राजकारणापासून दूर राहायला सांगतात, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या भावाचा हात धरून ठेवायला नाही. पण त्याच्या ग्रुपमधून बाहेर पडा. कुटुंबाच्या ग्रुपवर असे फॉरवर्ड येत असतील तर तिथूनही, आत्याला राग आला तरी. तुमचा एक अंगठा, तोही चुकून लागलेला, स्क्रीनशॉट होऊन गावात यायला दहा मिनिटं लागतात. सोशल मीडियाबद्दल शासनाचं २०२५ चं परिपत्रकही आहे, त्यातलं वैयक्तिक आणि शासकीय खातं वेगळं ठेवण्याचं कलम विशेष नीट वाचा. तो ‘कुणासाठी बसलीस’ विचारतो, त्याला तत्त्वज्ञान सांगत बसू नका. त्याच्या एखाद्या मित्राचं काम घेऊन तो येईलच. तेव्हा त्याला बाकीच्यांबरोबर रांगेत उभं करा, आणि रांगेतून आला की काम वेळेत करून द्या. दोन्ही गोष्टी त्याला दिसू देत. पहिल्या दिवशी घरी जेवणावर बोलणं होणार नाही. आई मध्ये पडेल. पडू दे.

आता सप्ताह. जा की. दोन्हीकडे जा, आणि एकाच दिवशी जा. काल्याच्या कीर्तनाला दोन्हीकडे गर्दी असेल आणि वेळ एकच असेल. तेव्हा तो दिवस टाळा आणि मधला एखादा साधा दिवस धरा, हरिपाठाचा. आधी कुठे गेलात याचीही चर्चा होईल, म्हणून ग्रामपंचायतीपासून जो मंडप जवळ तिथे आधी, आणि कुणी विचारलं तर हेच कारण सांगा. शाल-श्रीफळ घेऊ नका. व्यासपीठावर खुर्ची टाकतील, तिथे बसू नका, बायकांच्यात सतरंजीवर बसा. माइक हातात दिला तर ‘राम कृष्ण हरी’ म्हणून परत द्या. ‘पुढच्या वर्षी एकच सप्ताह व्हावा’ असलं काही बोलू नका. ते त्यांच्यातलाच एखादा म्हातारा म्हणेल तेव्हा म्हणेल. गाडी गावाबाहेर ठेवा. आणि दुपारचा डबा त्या दिवशी नेऊ नका. दोन्ही पंगतींना बसावं लागेल, दोन्हीकडे वाढपी आग्रह करणार, आणि एकीकडे पोळी घेऊन दुसरीकडे ‘पोट भरलंय’ म्हणालात, तर त्या पोळीचाही आकडा कुणीतरी पुडीच्या कागदावर मांडेल.